नाव न घेता मागायचं सामान

अमरावतीच्या अंबादरवाज्यातून आत शिरलं की डाव्या अंगाला पुंजारामचं किराण्याचं दुकान लागे. दुकान कसलं, कुडाच्या भिंती, वर कौलं आणि पुढे उन्हासाठी बांधलेला तट्ट्या. मीठ, मिरची, हळद, धने, सुपारी, कात, कापूर, सुई-दोरा, काळी पोत, असाच किरकोळ माल. त्या रस्त्याला असली दुकानं आणखीही होती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडची हळद पुंजारामच्या हळदीपेक्षा चांगली असे. तरी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेल्या सुना ती दुकानं ओलांडून पुंजारामच्या तट्ट्याखाली येऊन उभ्या राहत. कारण एकच. पुंजारामकडे नाव न घेता सामान मिळे.

त्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे तर होतंच. पण सासरा, चुलतसासरा, थोरला दीर यांचंही काढायचं नाही, आणि त्या नावासारखा वाजणारा शब्दही नाही. त्यात लोकांची नावं अशी की अर्धी स्वयंपाकघरातच सापडावीत. सासरा धनाजी असला की सुनेच्या तोंडून धने गेले. सुपाजी असला की सूप गेलं, सुपारी गेली. घरी शेजारीण असे, नणंद असे, ती बोलून देई. बाजारात एकटी बाई आली म्हणजे मात्र पंचाईत होई. मग ती आडून मागे.

"सावकार पेटीत ठेवते, मी आमटीत टाकतो. ते दे भाऊ, मूठभर."

पुंजाराम न बोलता धन्याची पुडी बांधी. धन तिकडे, धने इकडे.

"एक पाखडाचं, एक टोचाचं, दोनी जोडून पानात टाकाचं."

पाखडायचं सूप आणि चांभाराची टोचायची आरी. सुपारी फोडून हवी की अख्खी, तेवढंच तो विचारी.

"साप टाकते, सासू सांगते, बुढा चावते."

साप कात टाकतो, सासू सुनेला चरख्यापाशी बसवून 'कात' म्हणते, आणि म्हातारा पानात कात चावतो. पुंजाराम काताचा खडा काढून देई आणि बाई तोंडाला पदर लावून हसे.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्याची त्याला मोठी हुशारीही वाटत नसे. तो त्यातच वाढला होता. पुंजाराम जातीनं माळी. गावकुसाबाहेर त्यांचा मळा होता आणि मळ्यात मुख्य पीक कांद्याचं. त्याच्या आज्याचं नाव कान्होजी. म्हणजे पुंजारामची आई तानुबाई ज्या घरात सून म्हणून आली, तिथं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कांदा लावायचा, कांदा निंदायचा, कांदा काढायचा, पण 'कांदा' म्हणायचं नाही. कान दुखला तर "माह्या ऐकाच्या जागी ठनकून राह्यलं" असं सांगायचं. तानुबाईनं याचं रडगाणं केलं नाही. तिनं त्याचा खेळ केला. आज कांद्याला एक म्हणे, उद्या दुसरंच.

"पुंज्या, जाय, त्या लुगड्यावर लुगडं नेसलेलीले घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी, "न भांडता रडोते तिले आन."

थोरला भाऊ शेषराव चिडे. "माय, सिधं बोल ना. काहून फिरवून बोलतं?" पुंजाराम मात्र आईचं बोलणं पुरं व्हायच्या आत वाफ्याकडे पळे. असं त्याचं लहानपण गेलं. बाई एक बोलते तेव्हा तिला दुसरं काय हवं असतं, इकडे त्याचा कान आपोआप वळे.

तो दुकानदार झाला तो कापसामुळे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि विलायतेतल्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड केलं. कापसाला सोन्याचा भाव आला म्हणतात ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. ज्यानं आयुष्यभर ज्वारी पेरली त्यानं ज्वारी मोडून कपाशी लावली. शेषरावानं एका हंगामात कांद्याचे वाफे नांगरून टाकले. पुंजारामनं विचारलं, "भाऊ, भाजी कोन पिकवन मंग?"

"ज्याले खाची असन तो पिकवन," शेषराव म्हणाला.

भांडण झालं नाही. पण पुंजारामचं काम होतं ते मळ्यातली भाजी बाजारात नेऊन विकायचं, आणि मळ्यात भाजीच राहिली नाही. तेव्हा त्यानं अंबादरवाज्याजवळची ती जागा धरली आणि किराणा मांडला.

ते दिवस दुकानासाठी चांगले होते. खेड्यातून रुईच्या गाड्या रांगेनं येत. घरधनी गाडी घेऊन कापसाच्या बाजारात शिरला की अडत्याच्या गादीवर दिवस जाई, त्याला मीठ-मिरची घ्यायला सवड नसे. म्हणून बाया गाडीवर बसून बरोबर येऊ लागल्या आणि खरेदी त्यांच्या हाती आली. अशा बाजारहाटाची सवय नसलेल्या बाया, आणि मागायच्या निम्म्या वस्तूंवर तोंडाला कुलूप. पुंजारामकडे गर्दी झाली यात नवल नव्हतं.

पुढे पुढे ज्यांना अडचण नव्हती त्याही आडूनच मागू लागल्या. गंमत म्हणून. एक म्हणे, "पूर आला, पाय भिजला नाई, जळून गेला, राख उरली नाई." कापूर. एकीनं भाजी मागितली, "बैलाच्या मांगचं दे, पन टोक मोडून दे." 'शेपूट'चं टोक मोडलं की शेपू. भाजी पुंजाराम ठेवत नसे, त्यानं तिला शेजारच्या माळणीकडे पाठवलं. आणि एक म्हातारी काही घ्यायचं नसताना नुसतं थांबून त्याला कोडं घालून गेली, "आंदी म्हने का, मंग म्हने पूस, भाव पुसू नको बाप्पा, गाडीवरच बस." का आणि पूस. त्या साली कापसाचा भाव कोणाला पुसायची गरज नव्हती. तो दर आठवड्याला आपणहून कानावर येई.

सगळी कोडी सुटत असं मात्र नाही. नांदगावकडची वच्छला नावाची एक नवी सून होती. तिच्या चुलतसासऱ्याचं नाव ओंकार, आणि सासूचा नेम असा कडक की त्या घरात 'ओ'वरून सुरू होणारं काहीच बोलायचं नाही. ती येऊन म्हणाली, "सुई नाई, दोरा नाई, तरी म्हनते करा." पुंजारामला वाटलं, सुई-दोऱ्याचं काम म्हणजे पोत ओवायचं. त्यानं काळे मणी दिले. बिचारी लाजरी, काही न बोलता घेऊन गेली. तिला हवा होता ओवा, तान्ह्या पोराच्या पोटाला. पोर त्या संध्याकाळी ओरडून ओरडून निळं झालं. बरं झालं नंतर, पण पुढच्या बाजारी तिची सासू मण्यांची पुडी घेऊन दुकानावर आली आणि चारचौघांत म्हणाली, "पोराच्या पोटाले मनी घासून पाजू का?"

पुंजारामनं ओवा बांधून दिला आणि मणी परत घेतले. पण तेव्हापासून त्यानं एक रीत लावून घेतली. कोडं कितीही सोपं असो, आधी विचारायचं, "खाचं, लावाचं, का देवाचं?" तेवढं कळलं की चूक होत नाही, असा त्याचा अनुभव झाला.

त्याची बायको मैनाबाई घरी हे सारं ऐके आणि तिला त्याचं फारसं कौतुक नसे. तिलाही नवऱ्याच्या नावापायी 'पुंजी' म्हणता येत नव्हती, दुकानाचं 'भांडवल' म्हणावं लागे. पूजेला ती 'देवाचं करनं' म्हणे. "बाजारातल्या बायाईचं सारं समजते," ती म्हणायची, "अन घरात लाकडं सरली ते सांगूनई समजत नाई."

एका हिवाळ्यात, संक्रांत उलटून गेल्यावर, बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई तट्ट्याखाली येऊन बसली. तरणी होती. लुगड्यावर वाटेची धूळ, काखेत भाकरीचं गाठोडं. पुंजाराम दुसऱ्यांची पुडी बांधत होता, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली: बाजाराला आलेली ही बाई, हिच्याजवळ टोपली नाही की पिशवी नाही. गर्दी सरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग पुढे आली.

"पूर्नाकाठून आली मी, भाऊ," ती म्हणाली. "आमच्याकडच्या बाया म्हनल्या, अंबादरवाज्यापाशी पुंजाराम हायेत, त्याइले न बोलता समजते."

"बोला ना मायबाई. काय पायजे?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "आंदी मी-मी करते, पान्यात पडलं का जिरून जाते."

हे तर रोजचं होतं. मीठ. वऱ्हाडात मिठाराम नावाचे सासरे काही थोडे नव्हते. मिठाची कोडी पुंजारामनं इतकी ऐकली होती की त्यानं या खेपेला आपली रीतही पाळली नाही. सरळ मापटं मिठात घातलं.

"हे नाई," ती म्हणाली.

"बारीक पायजे?"

"नाई."

त्यानं सैंधवाचा खडा काढून ठेवला. तिनं मान हलवली. पादेलोण काढलं. तिनं पुन्हा मान हलवली आणि म्हणाली, "ते नाई पायजे भाऊ. आमच्याकडं विहिरीचं पानीच तसं हाये. त्याची काय कमी?"

हे खरं होतं. पूर्णेचा तो पट्टा खारपाणाचा. तिथल्या विहिरीचं पाणी जिभेला लागतं. तिथली बाई अमरावतीला मीठ घ्यायला कशाला येईल? पुंजारामनं मापटं बाजूला ठेवलं आणि रीतीवर आला.

"खाचं हाये?"

"नाई."

"लावाचं?"

"नाई."

"देवाचं?"

ती थांबली. "देव मांगून हाये," म्हणाली.

मागच्या बाजूला दोन बाया मिरची घ्यायला उभ्या होत्या, त्याही विचार करू लागल्या. एक म्हणाली बत्तासे असतील. दुसरी म्हणाली खडीसाखर, प्रसादाची. पुंजारामनं बत्त्याशांच्या डब्याला हात घातला तेव्हा त्या बाईनं त्याला थांबवलं.

"ते पान्यात नाई जिरलं, भाऊ," ती म्हणाली. "उमरावतीत जिरलं."

पुंजारामचा हात डब्यावरच राहिला. आधी मीठ, मागून राम. एवढा वेळ तो तिच्यापुढे मिठाच्या जाती मांडत बसला होता आणि ती माणूस विचारत होती.

"घरधनी?" त्यानं हळू विचारलं.

तिनं मान डोलावली.

"मिठाराम?"

तिनं तोंडाला पदर लावला आणि खाली बसली.

मग हळूहळू सारं बाहेर आलं. तिचं नाव जयवंता. नवरा दिवाळीनंतर रुईची गाडी घेऊन निघाला होता. बरोबरच्या गाड्या परत आल्या, त्याची आली नाही. गाडीवाले म्हणाले, तो बडनेऱ्याकडे आणखी एक खेप करायची म्हणून मागं राहिला. मग कोणी म्हणे अकोल्याला दिसला, कोणी म्हणे पटकी लागून वाटेत गेला. घरी सासू पार्बताबाई, ती अंथरुणाला खिळलेली. थोरला-धाकटा दीर कोणी नाही. गावातल्या गड्यांना कापसाच्या हंगामात एका माणसामागं हिंडायला वेळ नव्हता. शेवटी जयवंतानं सासूला शेजारणीच्या हवाली केलं, भाकरी बांधल्या आणि दुसऱ्या गावच्या अनोळखी गाडीवर बसून आली. गाडीवाल्यानं तिला दरवाज्यापाशी उतरवलं आणि तो निघून गेला.

मिरचीवाल्यांतली एक म्हणाली, "बाई, असं हाये तं नाव घेतलं असतं एक डाव. देवानं माफ केलं असतं."

"एरवी घेतलंई असतं," जयवंता म्हणाली. "आता कसं घेऊ? नाव घेतल्यानं उमर कमी होते म्हनते. त्याची किती उरली हाये तेच मले मालूम नाई."

पुंजारामनं बायांना मिरची दिली, तट्ट्या खाली सोडला आणि बाजाराच्या ऐन दिवशी, ऐन दुपारी दुकान बंद केलं. शेजारच्या माळणीला सांगितलं, "घरी सांगजा, मी गाडीतळावर गेलो म्हनून."

गाडीतळ म्हणजे कापसाच्या बाजाराबाहेरचं मैदान. नजर जाईल तिथवर गाड्या सोडलेल्या, बैल रवंथ करताहेत, चुली पेटल्यात, रुईचा पांढरा फुफाटा हवेत. इतक्या माणसांत एक माणूस कसा शोधायचा? हाक मारून, दुसरा उपाय नव्हता. आणि जिचा माणूस होता तिलाच हाक मारता येत नव्हती. म्हणून पुंजाराम पुढे, ती मागे, आणि दर थोड्या अंतरावर तो ओरडे, "पूर्नाकाठचा मिठाराम हाये का गा?"

पहिला मिठाराम निघाला तो चांदूरचा म्हातारा. त्याला वाटलं अडत्यानं बोलावलं, तो काठी टेकत आला. जयवंतानं मान हलवली. दुसरा एक तरणा गडी गाडीखालून उठून म्हणाला, "मी हावो मिठाराम, काय पायजे?" त्याच्या सोबत्यांना हसू फुटलं तेव्हा कळलं की याचं नाव भलतंच. पुंजाराम पुढे गेला. ऊन कलायला लागलं. त्याचा घसा बसला.

तेव्हा जयवंता म्हणाली, "भाऊ, बैलाची नावं मले घेता येतेत."

"सांगा."

"एक चांद्या. पांढरा हाये, डावं शिंग मोडकं. दुसरा पोपट्या."

माणसाला विचारून जे झालं नाही ते बैलाला विचारून झालं. गाडीवान माणसाचं तोंड विसरतो, बैल विसरत नाही. मोडक्या शिंगाचा पांढरा बैल म्हटल्याबरोबर एक जण म्हणाला, तसला बैल बडनेऱ्याला आगगाडीच्या भरावावर मुरूम वाहताना पाहिला, परवाच.

बडनेऱ्याला परत जाणारी एक रिकामी गाडी मिळाली. दोघं तीत बसले. वाटेत जयवंता एवढंच बोलली की घरी सासूला उठवून बसवायला दोन बाया लागतात. माणूस मेला असेल आणि बैल कोणी धरले असतील, असं पुंजारामच्या मनात आलं होतं. तिच्याही आलं असणारच.

बडनेऱ्यापाशी आगगाडीचा रस्ता घालायचं काम जोरात होतं. लांबच लांब मातीचा बांध, त्यावर मुंग्यांसारखी माणसं, आणि खाली मुरमाच्या गाड्यांची रांग. जयवंता गाडीतून उतरली ती रांगेच्या कडेनं चालत गेली आणि एकदम मोठ्यानं हाक मारली, "चांद्याऽऽ!"

रांगेतली एक गाडी थांबली. मोडक्या शिंगाच्या बैलानं मान वळवली आणि तो जागचा हलेना. हाकणाऱ्यानं शेपूट पिळलं, चाबूक उगारला, तरी नाही.

पुंजारामनं जाऊन विचारलं, "बैल कोनाचे, गा?"

"मिठारामचे. काहून?" हाकणारा म्हणाला. त्याचं नाव खुशालराव, तिथलाच गाडीवान.

"तो कुठी हाये?"

"माह्या घरी पडून हाये. तुमी कोन?" मग त्यानं मागं उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं आणि चाबूक खाली केला. "त्याची बाई का? निरोप भेटला म्हनजे."

निरोप भेटला नव्हता. झालं होतं ते असं: गाडीवरून रुईची गठाण उतरवताना ती मिठारामच्या मांडीवर आली आणि हाड मोडलं. वैदूनं बांबूच्या कामट्या बांधून निजवून ठेवलं. खुशालराव त्याला ओळखत नव्हता, पण गठाण पडली तेव्हा तो शेजारी होता, म्हणून त्यानं घरी नेलं. बैल बसून खातील त्यापेक्षा कामाला लावू, त्यांच्या चाऱ्यापाण्याचं आणि आजाऱ्याचं दोन्ही निघेल, असं दोघांनी ठरवलं. अकोटकडे जाणाऱ्या एका गाडीवाल्याजवळ घरी निरोप दिला.

"तो गाडीवाला आला नाई आमच्या गावात," जयवंता म्हणाली.

"नसन आला," खुशालराव म्हणाला. "साराच मुलूख घाईत हाये, बाई. कोनाले निरोप सांगाची फुरसद हाये?"

घर जवळच होतं. पडवीत बाजेवर मिठाराम पडला होता, दाढी वाढलेली, अंगावर घोंगडी. बायकोला पाहून तो उठायला गेला आणि दुखलं तसा पुन्हा आडवा झाला.

"काहून आली?" तो म्हणाला.

"पाह्याले आली."

"माय कशी हाये?"

"हाये. शेजारनीजवळ ठेवून आली."

"कोनासंगं आली?"

"एकटीच."

"पत्ता कसा लागला? नाव तं घेतलं नसन तू."

"नाई घेतलं," जयवंता म्हणाली. "या भाऊनं घेतलं. साऱ्या गाडीतळावर घेतलं." आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला तिथं आलं. ती बाजेच्या पायाशी बसून रडली. पुंजाराम आणि खुशालराव बैलांना पाणी दाखवायला बाहेर गेले.

पुंजारामला त्या दिवशी परतायला गाडी मिळाली नाही, तो खुशालरावाकडेच राहिला. सकाळी निघताना त्यानं मिठारामला विचारलं, गाडीत निजवून गावी न्यायची व्यवस्था करू का. मिठाराम म्हणाला, हाड धरू दे, मग जाऊ. तसंच झालं. जयवंता चार दिवस राहून सासूपाशी परत गेली. होळीच्या सुमाराला मिठाराम आपल्याच बैलांची गाडी हाकत गावी पोचला. पाय थोडा आखूड राहिला. नांगर धरताना त्रास होई, गाडी हाकताना होत नसे.

त्या सकाळी बडनेऱ्याहून पुंजाराम घरी पोचला तेव्हा घराला कडी होती. दुकानावर गेला तर तट्ट्या वर केलेला आणि मैनाबाई तागडी घेऊन बसलेली. समोर दोन-तीन बाया. एक म्हणत होती, "सोनाराकडं तोलते, आपल्याकडं शिजते," आणि मैनाबाईनं तिच्याकडे न पाहताच सांगितलं, "वाल आज नाई. पुढच्या बाजारी या." सोनं तोलायचं वजनही वालच.

पुंजाराम उभाच राहिला. बाया गेल्यावर म्हणाला, "तुले येते हे?"

"न याले काय झालं?" मैनाबाई म्हणाली. "मी काय बाई नाई?" मग तिनं विचारलं, माळीण सांगत होती ती पूर्णाकाठची बाई, तिचा माणूस सापडला का. सापडला म्हटल्यावर तिनं मान डोलावली आणि तागडी त्याच्या हातात दिली. कालचा बाजार बुडाला त्याबद्दल ती कधीच बोलली नाही.

त्यानंतर मात्र बाजाराच्या दिवशी दोघंही दुकानावर बसू लागली. पुंजारामच्या लक्षात आलं की बाया मैनाबाईला जास्त सांगतात. त्याच्यापाशी कोडं घालून सामान घेऊन जात, तिच्यापाशी कोडं घालून मग बसत. कोणाच्या घरी काय चाललंय, कोणाचा माणूस कुठं कामाला राहिलाय, हे तिला कळे. दोन-तीन वेळा तिनं त्याला असंच गाडीतळावर पाठवलं. एकदा माणूस सापडला, एकदा दुसऱ्या एकाच्या मरणाची बातमी सापडली.

पुढे अमेरिकेतली लढाई मिटली. कापसाचा भाव चढला होता त्याहून लवकर उतरला. गाडीतळावरच्या चुली कमी झाल्या, चांदीचे तोडे घालून येणाऱ्या बायांचे पाय पुन्हा मोकळे दिसू लागले. शेषरावाला एका वर्षी रुई घरातच ठेवावी लागली. दुसऱ्या वर्षी त्यानं पुन्हा कांद्याचे वाफे पाडले. तेव्हा तानुबाई थकली होती, तिला दिसत नव्हतं. कांद्याच्या रोपांचा वास आला तशी ती म्हणाली, "आली का परत?" आणि शेषराव पहिल्यांदाच 'सरळ बोल' म्हणाला नाही.

आगगाडी बडनेऱ्याहून पुढे चांदूर, धामणगाव करत नागपूरकडे गेली. परमुलखातली माणसं आली, त्यांच्या बाया आल्या. त्यांच्या भाषेत पुंजारामला कोडी सुटत नसत, आणि त्यांनाही तशी मागायची गरज पडत नसे. त्या सरळ नाव घेत. तो सरळ देई. दुकान बरं चाललं, फार वाढलं नाही. त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी होती. ती दिली उत्तमरावाला. मैनाबाई गेल्यावर उत्तमराव सासऱ्याजवळच राहिला आणि दुकान त्यानं सांभाळलं.

उत्तमराव हिशोबाला पक्का, स्वभावानं चांगला, पण कोड्यात त्याचं डोकं चालत नसे. बाई आडून काही बोलली की तो गोंधळे. शेवटी त्यानं सारा माल उघड्या टोपल्यांत पुढे मांडला आणि सांगून ठेवलं, जे पायजे ते बोटानं दाखवा. पुंजारामला पहिल्यानं ते रुचलं नाही. पण बाया दाखवू लागल्या, आणि काम लवकर होऊ लागलं. मग तोही मागं भिंतीला टेकून बसे आणि एखादी म्हातारी ओळखीची निघाली तर तिच्याशी जुन्या माणसांबद्दल बोले.